कादोडी, तुझं नाव तुझंच राहू दे

प्रिय कादोडी,

पत्र तुला लिहितो आहे, पण त्यात सर्बियन आणि ग्रीक या दोन भाषांविषयी बरंच येईल. वसईच्या वाड्यांमधल्या बोलीचा बाल्कनातल्या भाषांशी काय संबंध, असं तुला वाटेल. या दोघींना शेजारी ठेवून वाचत गेलो तेव्हा मला सारखी तूच आठवत राहिलीस. त्यांचं जे झालं त्याच्या बरोबर उलट तुझं झालं आहे. आणि तुझ्या वाट्याला जे येऊ नये असं मला मनापासून वाटतं, तेही त्यांच्याच अंगणात घडून गेलं आहे.

पत्र अनावृत आहे, तेव्हा तुला न ओळखणारेही ते वाचतील. त्यांच्यासाठी दोन शब्द. निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, नंदाखाल, उमराळे अशा वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांमध्ये तू बोलली जातेस. केळीच्या बागा, पानवेली, मोगरा आणि चाफा, आणि या सगळ्याला पाणी पुरवणारी बावखलं, हा तुझा मुलूख. तुझी माणसं दोन समाजांची आहेत. एक सामवेदी ब्राह्मण, दुसरे कुपारी म्हणून ओळखले जाणारे रोमन कॅथलिक. एका घरी देव्हारा, दुसऱ्या घरी क्रूस, आणि दोन्ही घरांत चुलीपाशी तूच. कोणी तुला सामवेदी म्हणतं, कोणी कुपारी. मी कादोडी म्हणतो. का, ते पुढे सांगेन. मी तुझ्या घरचा नव्हे, शेजारचा आहे. माझी मायबोली वेगळी, पण वसईत राहून तुझा हेल कानात इतका बसला आहे की गाडीच्या डब्यात पाठीमागून दोन वाक्यं आली तरी ओळखतो.

ग्रीक भाषा तुला परकी वाटू नये, कारण ती तुझ्या गावावरून कधीच गेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. भडोचच्या खाली किनाऱ्याने येताना तो ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ ही नावं घेतो. म्हणजे आपलं सोपारा आणि आपलं कल्याण. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रीक ग्रंथातही सोपारा आहे. त्याच्याही आधीचा एक धागा मला जास्त मोलाचा वाटतो. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 मध्ये नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो तुझ्या भुईगावात. भाषा प्राकृत, जिच्या पोटातून पुढे मराठी आली, कोकणी आली, तू आलीस. त्याच अशोकाच्या त्याच मालिकेतल्या बाराव्या आणि तेराव्या लेखांचा काही भाग 1963 मध्ये कंदाहारला सापडला आणि तो ग्रीक भाषेत कोरलेला होता. एकाच राजाचं बोलणं एका टोकाला तुझ्या पणजीच्या पणजीच्या भाषेत आणि दुसऱ्या टोकाला ग्रीकमध्ये. बाराव्या लेखात तर दुसऱ्याच्या पंथाचा मान राखावा, असं सांगितलं आहे.

आता त्या दोघींकडे वळतो. सर्बियन आणि ग्रीक दोन्ही भारोपीय कुळातल्या, म्हणजे लांबून तुझ्याही नात्यातल्या. पण आपापसांत त्यांचं नातं तेवढ्यापुरतंच. ग्रीक ही त्या कुळाची स्वतंत्र शाखा आहे, तिला सख्खी बहीण नाही. सुमारे 3400 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ती लिहिलेली सापडते. त्या पाट्यांची लिपी 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस याने उलगडली, तोवर त्या ग्रीक आहेत हेही कोणाला ठाऊक नव्हतं. सर्बियन ही दक्षिण स्लाव्ह भाषा. तिचे पूर्वज बाल्कनात आले ते सहाव्या-सातव्या शतकात, तेव्हा ग्रीक तिथे युगानुयुगं नांदत होती. सर्बियनमध्ये नामं सात विभक्तींमध्ये चालतात, आजच्या ग्रीकमध्ये चार उरल्या आहेत. ग्रीक माणूस नामाआधी उपपद लावल्याशिवाय बोलत नाही, अगदी माणसाच्या नावाआधीसुद्धा. सर्बियनमध्ये उपपद मुळी नाहीच. सर्बियनमध्ये आघाताबरोबर सूरही वर-खाली जातो आणि त्याने अर्थ बदलू शकतो, जुन्या ग्रीकमध्ये तसं होतं, आजच्या ग्रीकमध्ये ते गेलं. मराठी माणसाला दोन्हींत एक गोष्ट घरच्यासारखी वाटेल. दोघींनाही तीन लिंगं आहेत. निर्जीव वस्तूला तो, ती, ते म्हणण्याची कसरत बेलग्रेडच्या मुलालाही करावी लागते आणि अथेन्सच्याही.

इतक्या वेगळ्या असून त्या हजार वर्षं शेजारी राहिल्या, आणि शेजाराने त्यांना बदललं. थेसालोनिकीच्या सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांनी नवव्या शतकात स्लाव्ह लोकांसाठी पहिली लिपी केली. पुढे जी सिरिलिक लिपी रुळली तिची बहुतेक अक्षरं ग्रीक अक्षरांवरूनच घेतलेली. धर्म ग्रीकांकडून आला आणि त्याच्या मागोमाग शब्द आले. सर्बियन माणूस ‘हजार’ला ‘हिल्यादा’ म्हणतो आणि कागदाला ‘हार्तिया’, दोन्ही मूळचे ग्रीक. मग दोघींवर तुर्कांचं राज्य आलं आणि दोघींच्या बोलण्यात एकाच वाटेने शब्द शिरले. त्यातले काही आपल्याकडेही फारसीतून आले आहेत. बाजाराला ग्रीक माणूस ‘पाझारी’ म्हणतो, सर्बियन ‘पाझार’. आपला ‘खिसा’ आणि सर्बियनमधली ‘केसा’ म्हणजे पिशवी, दोन्ही एकाच फारसी शब्दापासून निघाले.

शब्दांची देवघेव सगळीकडेच चालते. मला जास्त नवल वाटतं ते व्याकरणाचं. ग्रीकमध्ये भविष्यकाळ करायला क्रियापदाआधी ‘था’ लावतात. हा ‘था’ म्हणजे ‘इच्छितो की’ या अर्थाच्या जुन्या शब्दांचं झिजलेलं रूप. सर्बियनमध्येही भविष्यकाळ ‘इच्छिणे’ याच अर्थाच्या क्रियापदाने होतो. दोघी एकमेकींचा शब्द उसना न घेता एकाच तऱ्हेने विचार करू लागल्या. ‘भिंत पडू पाहते आहे’ असं आपण म्हणतो त्यात भिंतीला इच्छा नसते, पण होऊ घातलेली गोष्ट आपण इच्छेच्या क्रियापदाने सांगतो, तसंच काहीसं. दुसरं म्हणजे ‘मला जायचं आहे’ या धर्तीचं, म्हणजे ‘जाणे’ हे रूप वापरून केलेलं वाक्य ग्रीकमधून पार नाहीसं झालं आहे. ‘मी इच्छितो की मी जातो’ अशा बांधणीचं वाक्य त्यांना करावं लागतं. सर्बियनमध्येही तीच बांधणी जास्त चालते, पलीकडच्या क्रोएशियात तितकी नाही. आणि नीश-पिरोतच्या बाजूला, सर्बियाच्या आग्नेय कोपऱ्यात जी बोली आहे, तिने तर सात विभक्तींपैकी बहुतेक सोडून दिल्या आहेत आणि ती नामाच्या शेवटी उपपद जोडते. तिथल्या शेतकऱ्याचं बोलणं बल्गेरियन आणि मॅसेडोनियन शेजाऱ्यांच्या वळणावर गेलेलं आहे. पण प्रमाण सर्बियन रचली गेली ती या बोलीवर नव्हे, पश्चिमेकडच्या हर्सेगोव्हिनाच्या बोलीवर. सीमेवरची बोली बाहेर राहिली. तुला हे ओळखीचं वाटेल.

शेजारामुळे वाक्याची घडण बदलण्याचं हे आपल्याकडेही घडलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभर शिकवला जातो. त्या गावात कानडी, मराठी आणि उर्दू शेकडो वर्षं एकत्र बोलल्या गेल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची घडण इतकी एक झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाजागी शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. कानडी कुळानेच वेगळी. तू तर गुजराती, कोकणी, वाडवळी, आगरी, मांगेली, वारली आणि शिवाय पोर्तुगीज, इतक्यांच्या शेजारात वाढलीस.

आणि आता जिथे तुझी आणि त्या दोघींची खरोखरची गाठ पडते तिथे येतो. लॅटिनमध्ये एक शब्द होता, ‘कॉम्पातेर’, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता होऊन त्याच्या जन्मदात्या बापाशी नात्यात येणारा माणूस. तो पोर्तुगीजमध्ये ‘कॉम्पाद्र’ झाला, वसईला आला, आणि तुझ्या अर्ध्या लेकरांचं नावच त्यावरून ‘कुपारी’ पडलं. तोच शब्द व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकमध्ये गेला, तिथे तो ‘कुम्बारोस’ झाला. आणि स्लाव्ह लोकांनी तो लॅटिनकडून फार पूर्वी घेतला होता, सर्बियनमध्ये त्याचा ‘कुम’ झाला. ग्रीकांचा कुम्बारोस आणि सर्बांचा कुम लग्नात नवरदेवाच्या बाजूला उभा राहतो आणि पुढे बहुधा मुलांचा धर्मपिताही होतो. सर्बियात हे नातं रक्ताच्या नात्याच्या तोलाचं मानतात. अथेन्स, बेलग्रेड आणि वसई या तिन्ही ठिकाणी एकच शब्द पोहोचला आणि तिन्ही ठिकाणी तो जोडलेल्या नात्याचा शब्द आहे.

सर्ब आणि ग्रीक यांचा पंथ एक आहे, दोघेही ऑर्थोडॉक्स. सण तेच, उपास तेच, मूर्तिचित्रांपुढे लावायच्या मेणबत्त्या त्याच. भाषा दोन. तुझं उलट आहे. भाषा एक, धर्म दोन. मला तू जास्त दुर्मीळ वाटतेस.

दुर्मीळ का, ते बाल्कनात काय घडलं त्यावरून कळतं. 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोसानला करार करून आपापली माणसं बदलून घेतली. दहा लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं. ‘ग्रीक’ कोण आणि ‘तुर्क’ कोण हे ठरवायला भाषा विचारली गेली नाही, धर्म विचारला गेला. अनातोलियातले करामानली ख्रिस्ती घरी तुर्की बोलत, तुर्कीच ग्रीक अक्षरांत लिहीत, तरी त्यांना ग्रीसला पाठवलं, जिथली भाषा त्यांतल्या अनेकांना येत नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत, त्यांना तुर्कस्तानला पाठवलं. ग्रीक बोलणाऱ्याला तुर्क म्हणून घालवलं आणि तुर्की बोलणाऱ्याला ग्रीक म्हणून आणलं.

सर्बियनच्या घरात घडलं ते याहून तुझ्या जवळचं आहे. सर्ब आणि क्रोएट यांची प्रमाण भाषा एकाच बोलीवर उभी आहे. 1850 मध्ये व्हिएन्नाला दोन्हीकडचे विद्वान जमले आणि आपली भाषा एक धरावी असं त्यांनी लिहून ठेवलं. पण सर्ब ऑर्थोडॉक्स, क्रोएट कॅथलिक. एकाची मुख्य लिपी सिरिलिक, दुसऱ्याची रोमन. युगोस्लाव्हिया फुटल्यावर एका भाषेची चार नावं झाली. सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन. झाग्रेबचा माणूस आणि बेलग्रेडचा माणूस दुभाष्याविना गप्पा मारतात, पण कागदोपत्री ते दोन भाषा बोलतात. त्या लोकांच्या वेदनेचा न्याय मी इथे बसून करणार नाही, फार रक्त सांडलं आहे तिथे. पण तुझ्याकडे पाहिलं की तो इतिहास मला दिसतो आणि धास्ती वाटते.

आपल्याला इतकं लांब जायलाही नको. गोव्याच्या कोकणीचं काय झालं ते पाहा. तिथले हिंदू ती देवनागरीत लिहितात, ख्रिस्ती बहुतेक रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला मान्यता दिली, आणि रोमीवाल्यांच्या मनात तो सल अजून आहे. वसईचे ख्रिस्ती मात्र देवनागरीतच लिहीत आले, मराठीतच प्रार्थना करत आले, ‘सुवार्ता’ मासिक मराठीतच वाचत आले. निर्मळच्या भटजीबुवांचं अक्षर आणि नंदाखालच्या पाद्रीबुवांचं अक्षर एकाच बाराखडीतलं. ही कमाई लहान नाही. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये मराठीत आलं तेव्हापासून या किनाऱ्यावर ख्रिस्ताची कथा आपल्या भाषेत सांगायची वाट पडली आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वाटेने चालले. ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होणारा हा माणूस तुझ्या परिसरातला होता, याचा मला शेजारी म्हणून अभिमान आहे. 1901 मध्ये अथेन्समध्ये शुभवर्तमानाचा बोलीभाषेतला अनुवाद छापला गेला तेव्हा दंगल झाली आणि आठ माणसं मेली. आपल्याकडे बायबलच्या मराठीचं कौतुक झालं.

पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षं तिथे राज्य केलं. त्या काळात तुझ्या अर्ध्या लेकरांनी नवा धर्म घेतला, नवी आडनावं घेतली, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, डाबरे, तुस्कानो. पण तुला टाकलं नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. तिथे धर्माबरोबर भाषाही बदलली. तिथले ख्रिस्ती आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात, तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात, आणि तिच्या वाक्यांची घडण मराठीच्या वळणावर गेली आहे. कधी काळी वसई-साष्टीतही तशीच एक पोर्तुगीज बोली होती. सेबाश्तियांव रोदोल्फु दालगादो या गोमंतकीय पंडिताने 1906 मध्ये तिचं वर्णन छापलं. ती मावळली, तू राहिलीस. वाड्यांत राबणाऱ्या बायका, बैलामागे चालणारे बाप्ये, रहाटावर बसलेली पोरं, यांनी तुला राखलं. त्यांच्यात कोण गळ्यात क्रूस घालत होतं आणि कोण जानवं, याने तुला फरक पडला नाही.

म्हणून नावाचं बोलतो. ‘सामवेदी’ हे नाव एका ज्ञातीकडे बोट दाखवतं. ‘कुपारी’ हे एका ख्रिस्ती समाजाकडे. दोन्ही नावं मानाची आहेत, ती लावणाऱ्यांनी ती लावावीत. पण भाषेला त्यातलं एक नाव दिलं की उद्या दुसऱ्या घरातलं पोर म्हणेल, ती तर त्यांची. मग व्याकरणं दोन होतील, शब्दकोश दोन होतील, लग्नातली गाणी गोळा करायला निघालेला माणूस एकाच आळीत थांबेल. ‘कादोडी’ हे नाव देवळाचं नाही आणि चर्चचंही नाही. तुझ्या लेकरांमधल्या लिहित्या माणसांनी याच नावाने अंक काढला, तोही सगळा तुझ्यात. त्यांनी ते नाव ज्या विचाराने निवडलं असेल ते असो, मला त्यात शहाणपण दिसतं. मॉन्टेनेग्रोने 2007 मध्ये राज्यघटनेत भाषेचं नाव वेगळं लिहिलं, क्रोएशियाने त्याआधी. तिथे वेगळं होण्यासाठी नाव लागलं. तुला एकत्र राहण्यासाठी नाव आहे, आणि ते आयतं मिळालेलं आहे.

लिहिण्याबद्दलही सांगायचं आहे, कारण तू लिहिती होऊ पाहते आहेस. सर्बियनला लिहितं केलं वुक कराजिच या माणसाने. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, पायाने अधू. त्याच्या काळात शिकलेले सर्ब चर्चच्या जुन्या स्लाव्हॉनिकची भेसळ असलेली भाषा लिहीत, आणि गुराख्याचं बोलणं लिहायच्या लायकीचं नाही असं मानत. वुकने 1818 मध्ये शब्दकोश काढला, त्यात शेतातले, चुलीवरचे, भांडणातले शब्द जसेच्या तसे घातले. बोलतोस तसं लिही, हा त्याचा नियम. न उच्चारली जाणारी अक्षरं त्याने काढून टाकली. ‘य’साठी त्याने रोमनमधलं एक अक्षर घेतलं तर चर्चने त्याच्यावर कॅथलिकांचा हस्तक असल्याचा आळ घेतला. एका अक्षरापायी. सर्बियात त्याची पद्धत सरकारी मान्य झाली 1868 मध्ये, तोवर तो वारला होता. ग्रीकांचं घोडं त्याहून उशिरा न्हालं. तिथे एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी शुद्ध करून घेतलेली ‘काथारेवुसा’ ही राज्याची भाषा होती आणि घरची भाषा ‘देमोतिकी’ वेगळी. मूल शाळेत एक शिकायचं आणि आईशी दुसरं बोलायचं. 1976 मध्ये देमोतिकीला राजभाषेचा मान मिळाला. प्राचीन वैभवाचं ओझं किती असतं ते यावरून कळतं. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या आनंदात मीही आहे. पण अभिजात झालेल्या थोरलीने धाकटीला हिणवू नये एवढंच तिलाही सांगावंसं वाटतं.

तुला हिणवलं गेलं आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात तुझी नोंद आहे ती कोकणातल्या मोडक्या बोलींमध्ये, वाडवळी, वारली, कातकरी यांच्या रांगेत. ज्यांनी नोंद केली त्यांचे उपकारच आहेत, कारण नाहीतर तेही उरलं नसतं. पण मोडकी कशाने? तू मराठी आणि गुजराती यांच्या मधल्या वाटेवर उभी आहेस, दोन्हीकडचं घेऊन तुझं आपलं वळण केलं आहेस. नीशच्या शेतकऱ्याची बोली मोडकी नाही आणि तूही नाहीस. आणि तुझ्या शेजारच्या बोलीचं व्याकरण तर सतराव्या शतकातच एका पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिलं होतं. ‘उत्तरेकडच्या बोलीतली कोकणी’ असं तो तिला म्हणतो. कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अभ्यासकाने ते 1858 मध्ये गोव्यात छापलं. ते नेमकं तुझ्या घरचं नसेल, पण तुझ्याच किनाऱ्याचं आहे. म्हणजे इथल्या बोलींना नियम असतात हे परक्या पाद्र्याला तेव्हा दिसलं होतं.

आता वसई-विरार महानगरपालिका आहे, 2009 पासून. बावखलं बुजवून इमारती उठल्या, वाड्या विकल्या गेल्या, विरार लोकलमधली बोलणी हिंदीत होतात. तुझी पोरं इंग्रजी शाळेत जातात, घरी प्रमाण मराठी बोलतात, आणि आजीने तुझ्यात विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतात. त्यांना मी दोष देत नाही, पोटाची वाट तिकडून जाते. पण दोन धर्म जिला तोडू शकले नाहीत ती इमारतीच्या जिन्यावर हरवू नये. वसईची हिरवाई राखायला, हरित वसईसाठी, फादर दिब्रिटोंबरोबर माणसं रस्त्यावर आली होती, तशी तुझ्यासाठीही यावीत. बावखल आणि बोली दोन्ही त्याच वाडीतली आहेत.

माझं मागणं तुझ्या लिहित्या माणसांकडे आहे, तुझ्यामार्फत. शब्दकोश करा तेव्हा निर्मळच्या आणि गासच्या, ब्राह्मणाच्या आणि कुपाऱ्याच्या, दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या बायांना एका खोलीत बसवा. ध्वनिमुद्रण यंत्र मध्ये ठेवा. लग्नाची गाणी दोघींकडून घ्या. एकीच्या गाण्यात गणपती येईल आणि दुसरीच्या गाण्यात मरियामाता, पण हळदीचा, पाण्याचा, सासरी जाणाऱ्या पोरीचा शब्द कुठे तोच आहे आणि कुठे बदलला ते शब्दाशब्दाला लिहून ठेवा. उच्चार जसा येईल तसा लिहा, पुण्याच्या वळणावर नेऊ नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण सुरू केलं आहे, त्या अभ्यासकांना बोलवा, पण शब्द निवडायचा अधिकार त्या बायांचाच ठेवा. आणि मुखपृष्ठावर एकच नाव छापा.

तुझा,
वसईतला एक शेजारी